बटाट्यावरची खपली

महाड, ९ ऑक्टोबर २००१

शौनक,

वर ‘चिरंजीव’ लिहून खोडलं. चाळिशी ओलांडलेल्या आणि आठ वर्षं बहिणीशी न बोलणाऱ्या माणसाला कोणता मायना घालतात, ते बत्तीस वर्षं मराठी शिकवूनही मला ठाऊक नाही. नुसतं नाव ठेवलं आहे.

तुझा पत्ता रऊफने दिला. बाजारपेठेतला आपला कांदे-बटाटेवाला रऊफ. तो माल बघायला तिकडे गुजरातेत डीसाला आला होता, शीतगृहात तू त्याला भेटलास, चहा पाजलास आणि महाडबद्दल चकार शब्द विचारला नाहीस. “बाई, तुमचा भाऊ बटाट्याशी बोलतो, माणसाशी नाय बोलत,” असं म्हणाला. मी म्हटलं, पहिल्यापासून तसाच आहे.

आता कामाचं. कापडे गावातलं आपलं नदीकाठचं शेत चार वर्षं भात निघालं की नुसतं पडून राहतं. परवा सोनबाची बायको माझ्याकडे आली होती. आपल्या शेतावरून गेल्यापासून सोनबा इथे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे पिंपं चढवतो-उतरवतो. आता त्याची कंबर धरली आहे. शेत अर्धेलीने मागतात. भात, आणि भातानंतर बटाटा. पण सोनबाचं म्हणणं असं की शौनकभाऊ हो म्हणाले तरच. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, म्हणून विचारते.

त्या फेब्रुवारीचं मी उगाळणार नाही असं ठरवलं होतं, पण तू तेच उगाळशील, म्हणून एकदाच लिहिते. ९३ साली तू पुण्याच्या वेफर्स कंपनीच्या साहेबाला आणि तालुक्यातल्या चाळीस शेतकऱ्यांना काढणी बघायला बोलावलंस. अर्धं शेत गावच्या रीतीने, अर्धं तुझ्या शास्त्राने. आपली माती आंबट, इथे बटाट्याच्या सालीवर खपलीचा रोग येणारच नाही, असं तू साहेबाला लिहून दिलं होतंस. कुदळ मारली आणि तुझ्याच अर्ध्यात देवी आल्यासारखे बटाटे निघाले. तू सगळ्यांसमोर सोनबाला म्हणालास, गाठी धरताना तू पाणी चुकवलंस. तो मान खाली घालून उभा राहिला. तुझ्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी मी त्याला शेतावरून काढलं. दोन दिवसांनी तूही गेलास.

असो. रऊफ म्हणतो, बटाटा स्वच्छ आला तर तो सगळा उचलेल. वर महाबळेश्वरच्या हॉटेलांना त्याचा माल जातो. “गिऱ्हाईक साल बघतं बाई, आत काय हाय ते घरी जाऊन बघतं.” तेव्हा दोन गोष्टी कळव. सोनबाबद्दल हो की नाही. आणि साल स्वच्छ यायला काय काय करायचं.

ताई


महाड, २ नोव्हेंबर २००१

शौनक,

कार्ड मिळालं. नऊ ओळी. आठ ओळी बटाट्याच्या आणि शेवटची, “शेत कोणालाही दे, सोनबाला नको.” माझी प्रकृती तू विचारली नाहीस. बरी आहे.

तुझ्या आठ ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. बेणं डागाळलेलं घ्यायचं नाही. ताजं शेणखत नको, राख नको, चुना नको. लावणीआधी बेणं बोरिक पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं. गाठी धरायला लागल्या की पाच आठवडे जमिनीतली ओल तुटू द्यायची नाही. काढणीआधी पाला कापून बटाटा दहा-बारा दिवस तसाच मातीत ठेवायचा, म्हणजे साल घट्ट होते. राख नको या दोन शब्दांखाली तू रेघ मारली आहेस. त्या वेळी ही गोष्ट तू तोंडाने सांगितली नव्हतीस. तुझ्या वहीत होती, पण तुझ्या वहीत काय आहे ते शेताला कसं कळणार?

गडी मिळाला आहे. कापड्याचाच आहे. मेहनती आहे, कमी बोलतो. नाव विचारू नकोस, या वयात माझ्या लक्षात नावं राहत नाहीत.

दिवाळीचं काही पाठवत नाही. डीसापर्यंत चकल्यांचा भुगा होईल.

ताई


महाड, २६ नोव्हेंबर २००१

शौनक,

लावणी झाली. दहा गुंठे. बेणं रऊफने मंचरहून आणवलं. गडी आणि त्याची बायको दोन दिवस पोत्यांपाशी बसून एकेक बटाटा फिरवून बघत होते. जरा खरखरीत लागला की बाजूला. मी म्हटलं, अरे, मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे का हा? तर म्हणाला, “ताई, हितंच बघाया पायजे. मातीत गेल्यावर कोन बघनार?”

बोरिक पावडरीची गंमत लिहिते. औषधाच्या दुकानात तीन किलो मागितली तर दुकानदार म्हणाला, “बाई, शाळेत कॅरमच्या स्पर्धा आहेत का? पण तीन किलोत तर जिल्ह्याच्या होतील.” मी म्हटलं, बटाट्यांना न्हाऊ घालायचं आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही. निवृत्त मास्तरणीचं डोकं फिरलं असं आता महाडभर झालं असेल.

शंभर लिटरच्या पिंपात तीन किलो. घड्याळ माझं, पिंप त्याचं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एकोणतिसाव्या मिनिटाला मी हात लावू दिला नाही. मग सावलीत वाळवले, सऱ्या पाडून लावले, वर मातीची भर दिली. शेणखत नाही. यंदा पावसाळ्यात त्या तुकड्यात भाताऐवजी ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडला होता, तेवढंच. मी ताग मे महिन्यातच आणून ठेवला होता, हे तुला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे तुला लिहायच्या आधीपासूनच माझ्या मनात होतं. बारा वेळा पत्र लिहायला बसले असेन.

तू लिहिलंस की गडी नवखा असेल तर त्याला कारण समजावून सांग, नुसता हुकूम देऊ नकोस. हे बरोबर आहे. आपल्या घरात ही सवय नव्हती. मी त्याला सगळं समजावलं, पाण्याचंही. पाण्याचं ऐकताना तो माझ्याकडे न बघता नदीकडे बघत होता.

ताई


महाड, २० जानेवारी २००२

शौनक,

तुझं पत्र पहिल्यांदाच पाकिटातून आलं. दोन पानं! त्यातलं दीड पान पाण्याबद्दल असलं तरी.

विचारलंस ते सांगते. गाठी धरायला लागल्यापासून दर पाचव्या दिवशी पाणी, आणि हवा तापली तर चौथ्या. मी आठवड्यातून दोनदा एसटीने पोलादपूर, तिथून कापड्याला जाते. सरीत बोटं घालून बघते, ओल असते. पंपाच्या खोपटाच्या भिंतीवर गड्याने कोळशाने रेघा मारल्या आहेत, प्रत्येक पाण्याला एक. बाजूला त्याच्या बायकोने तिथीची खूण केली आहे. माझा हजेरीपट इतका चोख नव्हता. संक्रांतीला सगळा गाव तिळगूळ वाटत होता आणि हा पंपाचा पट्टा बसवत होता. मी म्हटलं, एक दिवस इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? म्हणाला, “पान्याचं तसं नाय ताई. मानूस म्हनतो उद्या, आनि बटाटा ध्यानात ठेवतो.”

हे मी तुला गंमत म्हणून लिहिते आहे, पण त्याने ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

एक रोप उपटून बघितलं. सुपारीएवढे बटाटे, साल गुळगुळीत. गड्याने ते धोतराच्या सोग्याने पुसले आणि पुन्हा उलटसुलट बघितले. मग सगळे माझ्या हातात दिले आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

तू लिहितोस, “असा माणूस इथे डीसातही मिळत नाही. त्याला सोडू नकोस. पुढची तीन वर्षं शेत त्यालाच दे, माझी संमती समज.” ही ओळ मी तीनदा वाचली. पत्र जपून ठेवलं आहे.

ताई


महाड, १४ फेब्रुवारी २००२

शौनक,

पाला कापला. आता दहा दिवस थांबायचं. रऊफ परवा शेतावर येऊन गेला. एक सरी उकरली, मूठभर बटाटे घेऊन उन्हात धरले आणि म्हणाला, “बाई, हे डीसाच्या मालात ठेवले तर तुमच्या भावालाबी वळखू यायचे नाय.” शंभरात चार-पाचांवर ठिपके असतील. तेवढे चालतात असं तूच लिहिलं आहेस.

तू गड्याचं नाव विचारलं आहेस. त्याला स्वतः पत्र लिहायचं म्हणतोस.

त्याचं नाव सोनबा.

पत्र फाडणार असशील तर पुढचं वाचून फाड. मी तुझं कार्ड आलं त्याच दिवशी त्याला खोटं सांगितलं की शौनक हो म्हणाला. त्या भरवशावर त्याने ठेकेदाराचं काम सोडलं. तू आता नाही म्हणालास तर त्याला परत पिंपं उचलायला कोणी घेणार नाही, त्या कमरेने तो उचलूही शकणार नाही. तेव्हा संमती मागे घ्यायची असेल तर नीट विचार करून घे. माझ्यावर राग काढायला त्याचं शेत काढू नकोस.

आता दुसरं. हे लिहायला मला आठ वर्षं लागली, आणि आजही सकाळपासून मी तीनदा चहा करून प्यायले आहे.

९२ च्या नोव्हेंबरात तू बेणं आणायला पुण्याला गेलास, तेव्हा सांगून गेलास की माझ्या शास्त्राच्या अर्ध्याला शेणखत घालायचं नाही. मला ते बघवेना. जमीन उपाशी ठेवून पीक कसं येईल? नोकरी सोडून तू सगळं त्या एका शेतावर लावलं होतंस. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा, गवऱ्या, गवत रचून राब भाजतात. राब भाजलेली जमीन म्हणजे सोनं, हे आपण रांगत होतो तेव्हापासून ऐकत आलो. मी सोनबाला म्हटलं, भाऊ यायच्या आत त्याच्या अर्ध्यावर राब भाज आणि नांगरून टाक. तो म्हणाला, कार्तिकात राब? मी म्हटलं, सांगते तेवढं कर, आणि भाऊला बोलू नकोस, त्याला वाटेल आपल्याला त्याच्या शिक्षणावर विश्वास नाही. त्याने तीन दिवस राब भाजला. जाडजूड, मनापासून. तू आलास तेव्हा नांगरट झालेली होती. नोव्हेंबरात कोणी राब भाजेल हे तुझ्या स्वप्नातही आलं नसतं.

तू गेल्यावर, ९३ च्या पावसाळ्यात, मी तुझी ट्रंक उघडली. वह्यांना वाळवी लागेल म्हणून. तुझ्या वहीत लिहिलेलं होतं की राखेने मातीचा आंबटपणा जातो आणि आंबटपणा गेला की खपली फोफावते. मी ट्रंकेजवळच बसून राहिले. नंतर वही परत ठेवली. तुला लिहिलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. तू गेलेला होतास, सोनबा गेलेला होता, आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करायचे आणि घरी येऊन त्या ट्रंकेवर उशी ठेवून बसायचे.

सोनबाला सगळं ठाऊक होतं. माझा शब्द राखायला तो त्या दिवशी चाळीस माणसांसमोर गप्प उभा राहिला, आणि नंतरही कधी तोंड उघडलं नाही. त्याच्या या गप्प राहण्यावर मी आठ वर्षं जगले. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्याला मात्र लिही.

ताई


महाड, ७ मार्च २००२

शौनक,

काढणी झाली. रऊफचा टेम्पो दोन खेपांत सगळं घेऊन गेला. पोत्यात भरताना बटाटे टाकायचे नाहीत, ठेवायचे, हे तू लिहिलेलं दोघा नवरा-बायकोने अंडी असल्यासारखं पाळलं. साल कुठे सोललेली नव्हती.

तुझं पत्र काल आलं. वर नाव सोनबाचं, मार्फत मी. मला वेगळी ओळसुद्धा नव्हती. ते योग्यच आहे. मी फोडलं नाही, तसंच घेऊन दुपारच्या गाडीने कापड्याला गेले. त्याला सही येते, वाचता येत नाही. तेव्हा त्याच्या ओटीवर बसून मीच वाचून दाखवलं. त्याची बायको दारात उभी होती.

तुला ठाऊक आहे तू काय लिहिलंस. “सोनबा, ताईने तुझ्याकडून राब भाजून घेतला. त्याने मातीचा गुण बदलला आणि खपली आली. तुझ्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी सगळ्यांसमोर तुला बोललो ते चूक होतं. माफ कर.” पहिल्यांदा वाचताना मी ‘ताईने’ गिळला. नुसतं “राब भाजला गेला” असं वाचलं. बत्तीस वर्षं धडे वाचून दाखवले आहेत, वाचता वाचता वाक्य बदलता येतं मला.

सोनबा म्हणाला, “थांबा ताई. परत वाचा.”

मी परत वाचलं, या वेळी जसंच्या तसं.

तो म्हणाला, “पान्यानं नाय?”

मी म्हटलं, नाही.

“दोन पाळ्या चुकल्या व्हत्या माज्या. धाकट्या बहिनीचं लगीन ठरवाया मी वीर गावाला गेलेलो. आल्यावर पानी सोडलं, कुनाला बोललो नाय. भाऊंनी काढनीला बटाटा बघूनच सांगितलं, पानी चुकवलंस. म्हनलं, केवढी ही इद्या. बटाटा बघून मानूस वळखला. म्हनून मान खाली घातली.”

शौनक, तो माझ्यासाठी गप्प नव्हता. त्याला वाटत होतं की ते त्यानेच केलं. राब ही त्याच्या लेखी चूकच नव्हती. तो ती गोष्ट विसरूनही गेला होता. आपण वर्षानुवर्षं भाजतो तो राब. मी त्याला माझा सोबती समजत होते, आणि तो बिचारा एकटाच स्वतःला दोष देत होता.

त्याची बायको दारातून म्हणाली, “तवापासनं कुनी शेताला पानी द्याया बोलावलं तरी जात नवते हे. सोनबा पानी चुकवतो म्हनून पोरंसोरं हसायची, तर हे म्हनायचे, खरंच हाय ते. म्हनून गेले पिंपं उचलाया.”

सोनबाने तिला गप्प केलं. मग मला विचारलं, “तुमाला कवा कळलं, राबाचं?”

मी सांगितलं. त्याच पावसाळ्यात.

तो बोटांवर मोजत होता. मी मोजू दिलं. मोजून झाल्यावर म्हणाला, “आट वर्सं झाली की.” मी हो म्हटलं. मी त्याची माफी मागितली, पाय धरायला वाकले, तेव्हा तो मागे सरला. “नका ताई. तुमी मोठ्या हाव,” म्हणाला आणि आत निघून गेला. मी ओटीवर बसून राहिले. मला रडू आलं, पण त्या घरात रडायचा हक्क मला नव्हता म्हणून आवरलं. चहा आला. प्यायले. शेवटची गाडी साडेपाचची होती.

निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. पिशवी त्याने घेतली होती, नेहमीसारखी. एसटी दिसली तेव्हा बोलला. म्हणाला, शेत करीन, पण भाऊंचं अर्धं. तुमचं नाय. राग नव्हता त्याच्या आवाजात. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कबूल केलं. शेताची वाटणी झालेली नाही, त्यामुळे मोजणी करून मधे बांध घालावा लागेल, आणि त्याच्या कागदावर दोन्ही मालकांना इथे येऊन सही करावी लागते. मी तलाठ्याकडे चौकशी केली; पावसाआधी होईल म्हणतो. नदीकडचं अर्धं तू घे. पाणी तिकडे आहे.

तेव्हा तुला यावं लागेल. तुझी खोली मी झाडून घेणार होते, पण सोनबाने सांगितलं आहे की भाऊ आमच्याकडे उतरतील. मला मोजणीच्या दिवशी कापड्याला यायला सांगायचं की बांध पडल्यावर नुसती सही करायला बोलवायचं, ते तुम्ही दोघं ठरवा आणि मला एक कार्ड टाका.

ताई